परवाना पहिल्यांदा वाचला तो दिवस : आपले अनुभव लिहावेत

नवे सॉफ्टवेअर बसवताना समोर येणारा करार, म्हणजेच वापराचा परवाना, न वाचता ‘मान्य आहे’वर टिचकी मारायची, ही सवय मला वर्षानुवर्षे होती. तो करार मी अथपासून इतिपर्यंत वाचला तो संगणकाचा मदरबोर्ड जळल्यानंतर. नवा मदरबोर्ड बसवून यंत्र सुरू केले, तर चालकप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) पुन्हा सक्रिय होईना. यंत्रासोबत आलेला ओईएम परवाना त्या यंत्रापुरता, आणि व्यवहारात त्याच्या मदरबोर्डपुरताच असतो. स्वतंत्रपणे घेतलेला रिटेल परवाना मात्र जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. हे सारे त्या करारात स्पष्ट लिहिलेले होते आणि मी ते पैसे मोजतानाच वाचायला हवे होते.

परवाना तुम्ही पहिल्यांदा कधी वाचलात, कशामुळे वाचलात आणि त्यानंतर रोजच्या वापरात काय बदलले, ते सविस्तर लिहावे ही विनंती. क्रॅक, म्हणजे परवान्याची पडताळणी चुकवणारी युक्ती, वापरल्याचे सांगताना संकोच नको. कोणती चालकप्रणाली श्रेष्ठ, हा वाद मात्र इथे नको.

*

संकोच न ठेवता लिहितो. शिकत असताना माझ्या यंत्रावर रीतसर परवाना असलेले जवळपास काहीच नव्हते. क्रॅकसोबत एक मजकूर फाइल येत असे आणि तिच्यातल्या सूचना मला पाठ होत्या : अँटिव्हायरस बंद करा, इंटरनेट तोडा, ही फाइल चालवा आणि होस्ट्स फाइलच्या शेवटी या ओळी जोडा. त्या ओळींमुळे सॉफ्टवेअरने पडताळणीच्या सर्व्हरचा पत्ता विचारला की त्याला 127.0.0.1, म्हणजे माझ्याच यंत्राचा पत्ता मिळे आणि चौकशी तिथेच थांबे. चालकप्रणालीची प्रतही तसलीच असल्यामुळे अपडेट कायमचे बंद ठेवलेले होते.

मे 2017 मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे वॉनाक्राय पसरले, तेव्हा ते ज्या छिद्रातून शिरत होते ते बुजवणारे अपडेट मार्चमध्येच निघालेले होते. माझ्याकडे ते नव्हते. सकाळी यंत्र उघडले, तर पडद्यावर लाल चौकट, तिच्या डाव्या बाजूला उलटी मोजणी करणारी दोन घड्याळे आणि प्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणाच्या नावाला जोडलेले अनोळखी शेपूट. मार्गदर्शकांना ईमेलने पाठवलेली दोन प्रकरणे तेवढी बचावली. हे नुकसान माझ्याच सवयीने झाले असे मी मानतो. आज मी लिनक्स वापरतो आणि अपडेटची सूचना आली की हातातले काम बाजूला ठेवून आधी ते करतो.

*

माझे काम बोधचिन्हे आणि मुखपृष्ठे करण्याचे. ज्या सॉफ्टवेअरवर मी हे काम शिकले ते पूर्वी एकदाच विकत घेता येई. पुढे ते केवळ मासिक वर्गणीवर मिळू लागले. आजारपणात माझे काम चार महिने बंद होते, म्हणून वर्गणी थांबवली. नेमके त्याच काळात एका जुन्या ग्राहकांनी अकरा वर्षांपूर्वीच्या बोधचिन्हात एक अक्षर बदलून मागितले. चित्र माझे, फाइल माझ्याच डिस्कवर, आणि ती मला उघडता येईना. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती कशीबशी उघडली तेव्हा रंगांची उतरण विस्कटली होती आणि अक्षरांच्या जागी भलताच फाँट आला होता. ते एक अक्षर मी बिंदू ओढून ओढून पुन्हा काढले. त्याला पूर्ण दिवस गेला. मुदत संपल्यावर काय होईल, हे सांगणारे कलम मी त्या रात्री वाचले.

वर्गणी मी आजही भरते, कारण छपाईच्या सीएमवायके रंगांचे काम मला तिथेच नीट जमते. झालेले काम जपून ठेवण्याची रीत मात्र बदलली. पूर्ण झालेल्या प्रत्येक कामाची एक प्रत एसव्हीजी या चित्रांच्या फाइल-स्वरूपात आणि एक पीडीएफमध्ये जाते, आणि ग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार ओडीएफ या दस्तऐवजांच्या स्वरूपात. एसव्हीजी हे 2001 पासून आणि ओडीएफ हे 2006 पासून मान्य झालेले खुले मानक आहे. त्या फाइली उघडण्यासाठी कोणा एकाच कंपनीच्या दारात जावे लागत नाही. (फाँटच्या परवान्यांबद्दल कोणी तरी स्वतंत्रपणे लिहावे. छपाईला चालणारा फाँट संकेतस्थळावर वापरायचा तर बहुधा वेगळी परवानगी लागते, हे मला फार उशिरा कळले.)

*

आमच्या चमूने केलेले उत्पादन स्वीकारण्यापूर्वी ग्राहकाने आत वापरलेल्या प्रत्येक घटकाची परवान्यासह यादी मागितली. चाळीसेक नावे होतील असा आमचा अंदाज होता. आम्ही घेतलेल्या लायब्ररींनी, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचांनी, पुढे ज्या घेतल्या त्या सगळ्या धरल्यावर आकडा चारशेच्या वर गेला. बहुतेकांचे परवाने एमआयटी, बीएसडी किंवा अपाची 2.0 होते, म्हणजे मूळ लेखकाची हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की मुख्य अट पुरी होते. दोन घटक जीपीएल या परवान्याचे निघाले. स्वतःच्या यंत्रावर कितीही वापर केला, कितीही फेरफार केले तरी जीपीएल स्रोत, म्हणजे मूळ कोड, मागत नाही. प्रत दुसऱ्याच्या हाती दिली की मागतो. आम्ही प्रत देणार होतो, म्हणून दोन्ही घटकांना पर्याय शोधून ते बदलले.

सर्वांत जड गेला तो तारखांचे हिशेब करणारा साठ ओळींचा एक तुकडा. तो मीच दोन वर्षांपूर्वी एका सार्वजनिक रेपॉझिटरीतून (कोडच्या भांडारातून) उचलला होता, आणि तिथे परवान्याची फाइलच नव्हती. कोड उघड दिसतो आहे म्हणजे तो घ्यायला मोकळा आहे, असा माझा समज होता. वस्तुतः परवाना दिलेला नसेल तर सर्व हक्क लेखकाकडेच राहतात. मी लेखकाला सगळे खरे सांगणारे पत्र लिहिले आणि उत्तराची वाट पाहताना तोच तुकडा नव्याने लिहायलाही घेतला. नवव्या दिवशी उत्तर आले. परवाना घालायचा राहून गेला होता, असे कळवून त्यांनी त्याच दिवशी एमआयटी परवाना जोडला होता. आता नव्या प्रकल्पात मी पहिली फाइल लिहितो ती परवान्याची, आणि प्रत्येक फाइलच्या माथ्यावर परवान्याचे नाव सांगणारी एसपीडीएक्सची ओळ घालतो.

*

वरचे वाचून माझ्या राउटरच्या खोक्यातला कागद आठवला. वॉरंटीपत्राच्या घडीत, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते की या उपकरणात जीपीएलखालील सॉफ्टवेअर आहे आणि मागणी केल्यास तीन वर्षांपर्यंत स्रोत पुरवला जाईल. ही तीन वर्षांची लेखी हमी जीपीएलच्या 1991च्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. कंपनीने अपडेट देणे थांबवल्यावर मी त्या कागदाच्या आधारे पत्र पाठवले. तीन स्मरणपत्रांनंतर एक दुवा आला. त्यात स्रोत होता, पण तो संकलित करण्याच्या, म्हणजे त्यातून चालणारे सॉफ्टवेअर बनवण्याच्या, स्क्रिप्ट नव्हत्या. परवान्यात त्या स्क्रिप्टचाही उल्लेख आहे, हे कलमासह लिहून पाठवले तेव्हा पुढच्या आठवड्यात त्या आल्या.

लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी राउटरमध्ये लिनक्स असल्याचे उघड झाल्यावर 2003 मध्ये त्याचा स्रोत प्रसिद्ध झाला, आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली चालकप्रणाली उभी राहिली. माझा राउटर आज त्याच ओपनडब्ल्यूआरटीवर चालतो. म्हणून जीपीएलला कोणी जाचक म्हटले की मला वाईट वाटते.

*

जाचक म्हणणाऱ्यांपैकी मी एक आहे, तरी तुमच्या पत्रव्यवहाराबद्दल मनापासून आदर वाटतो. माझी एक लहान लायब्ररी मी एमआयटी परवान्याखाली दिली. पुढे ती एका विकाऊ ॲपमध्ये दिसली. माझी हक्कसूचना शाबूत होती, म्हणजे सारे नियमाने होते. पहिला दिवस वाईट गेला. पण मी तेच लिहून दिले होते आणि आजही तेच लिहून देईन. माझी सावधगिरी वेगळ्या जागी आहे : इतरांच्या प्रकल्पाला हातभार लावण्यापूर्वी मी योगदानाचा करार, म्हणजे आपल्या कोडचे हक्क कोणाकडे जातील ते ठरवणारा करार, वाचतो. सर्व हक्क एकाच कंपनीकडे गोळा झाले की ती उद्या परवाना बदलू शकते. 2021 मध्ये इलास्टिकसर्चचा, 2023 मध्ये टेराफॉर्मचा आणि 2024 मध्ये रेडिसचा परवाना बदलला, आणि जुन्या परवान्यावरून ओपनसर्च, ओपनटोफू आणि वाल्की या स्वतंत्र शाखा निघाल्या. लिनक्स कर्नेलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, हक्क हजारो लोकांत विखुरलेले असल्याने तिथे हे सहजासहजी शक्य नाही.

*

आपल्या सर्वांइतके तांत्रिक ज्ञान मला नाही. आमचे हे गेले तेव्हा त्यांच्या कपाटात एक वही सापडली. प्रत्येक पानावर सॉफ्टवेअरचे नाव, घेतल्याची तारीख, पंचवीस अक्षरी की आणि कोणत्या यंत्रावर बसवले ते, सारे सुबक अक्षरात. एका कीमधला शून्य आणि ‘ओ’ यांत घोळ होऊ नये म्हणून शून्याला त्यांनी तिरकी रेघ मारलेली होती. ती वही घेऊन मी एकेक परवाना वाचत गेले, आणि बऱ्याच ठिकाणी ‘अहस्तांतरणीय’ हा शब्द मिळाला. डिस्कवर विकत घेतलेले संगीत मुलीला देता आले. खात्यावर घेतलेली पुस्तके त्या खात्यातच राहिली. त्यांनी सांभाळलेली त्यांची टिपणे साध्या मजकूर फाइलींत होती, ती मात्र एकूण एक उघडली. आता माझी वही मी लिहिते, आणि त्यात एक रकाना वाढवला आहे : पुढे कोणाला देता येईल.