कुत्रीने कॉफी पावडर खाल्ली आहे, काय करू?

चिंगीची_आई: आमची चिंगी डॅशहुंड आहे, वजन 7 किलो. तासाभरापूर्वी तिने किराण्याच्या पिशवीतून इन्स्टंट कॉफीचं पाकीट ओढून फाडलं. लादीवर उरलेली पावडर पाहता तीनेक चमचे तरी पोटात गेली असावी. आता घरभर येरझारा घालतेय, धापा टाकतेय, एकदा ओकलीही. शेजारच्या काकू म्हणतात दूध पाज, उतरेल. ह्यांचं म्हणणं, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

सांगलीचा_पशुवैद्य: ताई, आत्ता निघा. बाकीचं रिक्षात वाचा. पाकीट सोबत घ्या.

मीठ अजिबात नको. मिठानेच कुत्र्याच्या रक्तातलं सोडियम वाढून मेंदूवर परिणाम होतो, आणि एवढ्या अस्वस्थ जनावराला उलटी करवली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. कॉफीतलं कॅफिन हेच कुत्र्याला विषारी, आणि ते दुधाने उतरत नाही.

इन्स्टंट कॉफीच्या एका चमच्यात साधारण 60 मिलिग्रॅम कॅफिन धरा. तीन चमचे म्हणजे 180, चिंगीच्या किलोमागे 25 च्या आसपास. कुत्र्यांना 20 ला त्रास सुरू होतो, 40-50 ला हृदय गडबडतं, 60 च्या पुढे झटके येतात. चिकोरी मिसळलेली असेल तर कॅफिन कमी, पण हिशोब जास्तीचाच धरावा.

रिक्षात तिला मांडीवर घ्या आणि डाव्या कोपरामागे बरगड्यांवर तळहात ठेवा. 15 सेकंद ठोके मोजून चौपट करा. पोचल्या पोचल्या तो आकडा डॉक्टरांना सांगा. अंग तापलेलं लागलं तर साध्या पाण्यात भिजवलेला पंचा पोटाखाली ठेवा, बर्फ नको.

चिंगीची_आई: पोचलो. ठोके 168 भरले. कोळशाचं औषध पाजलंय, सलाईन चालू आहे, ठोके कमी करायचं इंजेक्शनही दिलं. डॉक्टर म्हणतात दर थोड्या वेळाने शू करायला न्या. ते कशासाठी?

सांगलीचा_पशुवैद्य: अगदी बरोबर सांगतायत. कॅफिन लघवीत उतरतं, पण लघवी मूत्राशयात तुंबून राहिली की तिथल्या भिंतीतून ते पुन्हा रक्तात शिरतं. म्हणून पिशवी सतत रिकामी हवी. कॅफिनवर थेट उतारा नाही, शरीरानेच ते बाहेर टाकायचं असतं आणि आपण तोवर हृदय आणि मेंदू सांभाळायचा. सलाईन निघालं म्हणजे संपलं असं समजू नका. त्रास दोन-तीन दिवसही रेंगाळू शकतो. आज रात्री कुणीतरी तिच्याजवळ झोपा. थरथर सुरू झाली तर तसंच उचलून परत दवाखान्यात.

चॉकलेटचं आता बहुतेकांना ठाऊक झालंय. त्यातलं थिओब्रोमिन हे कॅफिनचंच भावंड. चहा-कॉफी मात्र आपण स्वतः दिवसभर पितो, म्हणून तिची भीती कुणालाच वाटत नाही, आणि मला याचंच फार वाईट वाटतं.

बोकोबा_नाशिक: डॉक्टर, आमचा बोका बशीत उरलेला चहा चाटतो. शिवाय आई चहाचा चोथा गुलाबाच्या कुंडीत टाकते. धोका आहे का?

सांगलीचा_पशुवैद्य: दोन-चार वेळा जीभ लावली तर विषबाधा होत नाही, पण सवय मोडा. चोथ्यात कॅफिन शिल्लक असतं आणि दूध-साखरेच्या वासाने जनावर तो उकरून खातं. आईंना म्हणावं, धुऊन मातीखाली खोल पुरा. घरात कुणी जिमला जात असेल तर व्यायामाआधी घ्यायची पावडर कपाटात कुलूपबंद ठेवा. काही पावडरींच्या एका मापात 200 मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे चार किलोच्या बोक्याला किलोमागे 50.

मांजरांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त धास्ती डोकेदुखीच्या गोळ्यांची वाटते. त्यातल्या काहींत कॅफिनसोबत पॅरासिटामॉल असतं आणि मांजराचं यकृत ते पचवूच शकत नाही. एक गोळीही जीव घेऊ शकते. हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. पण ते दिसेपर्यंत थांबायचं नाही. गोळी गेल्याची नुसती शंका आली तरी रिकामी पट्टी घेऊन लगेच दवाखाना गाठा. त्यावर उतारा आहे, पण तो लवकर मिळायला हवा.