आंबोलीचे पावसाळी फोटो अल्बममध्ये टाकायचेत, रंग आणि लोकेशनचं काय करायचं?

पाऊसपाणी:
नमस्कार मंडळी. जुलैत आंबोलीला रात्री फिरून बेडूक, साप, बुरशी असं बरंच काही टिपलं, आता घरच्यांसाठी आणि ऑफिसातल्या मित्रांसाठी गुगल फोटोजवर अल्बम करायचाय. सगळं रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलंय, लाइटरूममध्ये एडिट चालू आहे. अडचण अशी की मलबार ग्लायडिंग फ्रॉगचा तो हिरवागार रंग माझ्या स्क्रीनवर भारी दिसतो आणि एक्सपोर्ट करून फोनवर बघितला की पार विटलेला. कॅमेऱ्यात अ‍ॅडोबी आरजीबी ही कलर स्पेस (म्हणजे रंगांचा आवाका) सेट आहे, त्यामुळे होत असेल का? साइज काय ठेवू? आणि एकाच बेडकाचे ढीगभर फोटो आहेत, किती टाकू?

सडा_आणि_धुकं:
रॉ काढत असशील तर कॅमेऱ्यातल्या त्या सेटिंगने काही बिघडत नाही, ते फक्त कॅमेऱ्यातून निघणाऱ्या जेपेगला लागतं. एक्सपोर्टची खिडकी उघड आणि तिथली कलर स्पेस बघ, बहुतेक तिथेही अ‍ॅडोबी आरजीबी किंवा प्रोफोटो असणार. एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठीची नेहमीची कलर स्पेस, कर. काही अ‍ॅप्स प्रोफाइल (फोटोतली कलर स्पेसची नोंद) वाचतच नाहीत, म्हणून मोठ्या कलर स्पेसचा फोटो तिथे फिका पडतो. लांब बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ८० च्या आसपास, शार्पनिंग स्क्रीनसाठी, बास. गुगलची फुकटची १५ जीबी जागा जीमेल आणि ड्राइव्ह धरून असते, त्यात रॉ चढवू नकोस.
अजून एक, ओल्या पानावर फ्लॅशचे पांढरे ठिपके येतात, ते आधी हायलाइट्स खाली ओढून आवर, मग सॅच्युरेशनला हात लाव. नाहीतर हिरवा इतका भडक होतो की बेडूक प्लॅस्टिकचा वाटतो.

कुंभा:
निवडीबद्दल मी सांगते. एका बेडकाचे तीन पुरे. एक अख्खा बेडूक, एक पायाच्या बोटांमधल्या नारिंगी पडद्यांचा जवळून, आणि एक पाण्यावर लोंबणाऱ्या पानावरच्या फेसाच्या घरट्याचा. घरटं पाण्याच्या वरच का, तर पिल्लं बाहेर पडली की थेट खाली पाण्यात पडतात, हे कॅप्शनमध्ये दोन ओळीत लिही, घरचे ते वाचतात हो, नुसतं नाव लिहिलं तर पुढे सरकवतात.
आणि दादा, लोकेशन काढलंस का? कॅमेरा फोनच्या अ‍ॅपला जोडलेला असेल तर जीपीएस फोटोत बसलेलं असतं. मलबार पिट वायपर शिकारीची वाट बघत एकाच फांदीवर दिवसचे दिवस बसून राहतो, नेमकी जागा बाहेर गेली की लोक तिथे जाऊन फांद्या मोडतात, सापाला काठीने हलवून पोझ द्यायला लावतात. मला याचा खरंच त्रास होतो. आंबोली टोड तर विज्ञानाला २००९ साली माहीत झालेला, त्याचा पसाराही फार छोटा, तेव्हा कुठला सडा (कातळाचं पठार) ते लिहूच नकोस. 'आंबोली, सिंधुदुर्ग' एवढं पुरतं.

पाऊसपाणी:
एसआरजीबी केल्यावर फोनवर रंग नीट आला, आभार! कॅमेरा फोनला जोडलेलाच होता, त्यामुळे लोकेशन आहे ताई. ते कुठून काढू? आणि एका मित्राला मोठी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर हवीये.

कुंभा:
एक्सपोर्टमध्येच मेटाडेटाखाली (फोटोच्या आतल्या माहितीखाली) लोकेशन काढायचा पर्याय आहे, तो टिक कर. शिवाय गुगलच्या अल्बमच्या सेटिंगमध्ये लोकेशन शेअर करायचं बटण असतं, तेही बंद ठेव. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलंस तर फोटो दबत नाही पण आतली माहितीही तशीच जाते, म्हणून एक्सपोर्ट केलेलीच फाइल दे, मूळ नको.

सडा_आणि_धुकं:
मूळ फाइलमधलं लोकेशन मात्र पुसू नकोस, अभ्यासकांना तेच लागतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर नोंद कर आणि जागा ऑब्स्क्युअर्ड (अंधुक केलेली) ठेव, म्हणजे बाकीच्यांना साधारण २० किमीच्या चौकोनातलाच एखादा ठिपका दिसतो. धोक्यातल्या बऱ्याच जातींना ते आपोआप लागतं, तरी पिट वायपरची नोंद टाकताना स्वतः तपासून घे.