मिआटाचा गिअरबॉक्स: जीएल-४च भरायचं की जीएल-५ही चालतं?

पाना_पेंचिस

मॅझ्दा एमएक्स-५, म्हणजे अमेरिकेतली मिआटा आणि जपानातली युनोस रोडस्टर. तिच्या पहिल्या दोन पिढ्या (एनए आणि एनबी, १९८९ ते २००५) आणि त्यांतला पाच गिअरचा गिअरबॉक्स, एवढ्यापुरताच हा धागा आहे. परदेशात राहणारे मराठी लोक ही गाडी जुनी घेतात आणि पहिला प्रश्न ऑइलचाच विचारतात. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये '९० नंबरचं ऑइल' म्हटलं की काम भागतं. इथे तसं भागत नाही.

माझं मत सांगतो. गिअरबॉक्समध्ये फक्त जीएल-४, ७५डब्ल्यू-९०, सिंथेटिक. (जीएल हा गिअर ऑइलचा दर्जा, दाब सोसण्याच्या ताकदीवरून ठरलेला; ७५डब्ल्यू-९० हा दाटपणाचा आकडा.) जीएल-५ मागच्या डिफरन्शियलसाठी (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यासाठी) ठेवा.

कारण सिंक्रो रिंगमध्ये आहे. ही रिंग पितळेची असते. तुम्ही गिअर टाकता तेव्हा ती गिअरच्या शंकूवर दाबली जाते, घर्षणाने दोन्हींचा वेग जुळवते आणि मगच स्लीव्ह (गिअर अडकवणारी सरकती कडी) पुढे सरकते. म्हणजे या एका जागी आपल्याला घर्षण हवं असतं. जीएल-५ मध्ये जीएल-४ च्या साधारण दुप्पट गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात. ती धातूवर एक थर चढवतात. तो थर निसरडा असतो, आणि पितळेवर इतका घट्ट बसतो की झिजताना पितळही सोबत घेऊन जातो. रिंग ब्रेक लावू शकली नाही की दुसरा गिअर करकर वाजतो.

घाटमाथा

असहमत. पहिल्या पिढीचं मॅन्युअल उघडून बघा. गिअरबॉक्ससाठी 'जीएल-४ किंवा जीएल-५' असं स्पष्ट छापलं आहे. सर्व ऋतूंसाठी ७५डब्ल्यू-९०, आणि तापमान १० अंशांच्या वर राहत असेल तर ८०डब्ल्यू-९०ही चालेल, असंही तिथेच आहे. ज्यांनी हा गिअरबॉक्स बनवला त्यांना आतल्या रिंगा पितळेच्या आहेत हे माहीत नव्हतं का?

पितळ खाल्लं जातं ही तक्रार जुन्या काळातल्या सक्रिय गंधकाची आहे. आजच्या जीएल-५ ला तांब्याच्या पट्टीची चाचणी द्यावी लागते: पट्टी १२१ अंश सेल्सिअसच्या ऑइलमध्ये ३ तास ठेवतात, आणि डाग ३ या श्रेणीच्या पुढे गेला तर ऑइल नापास. गिअरबॉक्स रस्त्यावर इतका तापत नाही.

पाना_पेंचिस

घाटमाथा, मॅन्युअलमध्ये तसं आहे हे मान्य. पण त्या चाचणीची श्रेणी ३ म्हणजे पट्टी गडद काळवंडली तरी ऑइल पास. शिवाय चाचणी ३ तासांची, आणि आपण ऑइल आत ठेवतो तीन-चार वर्षं. मुख्य म्हणजे ही चाचणी डाग बघते, घर्षण बघतच नाही. सिंक्रोसाठी महत्त्वाचं तर तेच आहे.

दुसरं, जीएल-५ ची ताकद आपल्याला इथे हवी आहे का? ती तयार झाली हायपॉइड दातांसाठी. डिफरन्शियलमध्ये पिनियन (लहान गिअर) क्राउनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्यरेषेच्या खाली असतो, त्यामुळे दात एकमेकांवर दाबाखाली लांबवर घसरतात आणि साधा थर तिथे फाटतो. गिअरबॉक्सचे दात हेलिकल, म्हणजे तिरपे कापलेले. त्यांच्यात घसरण फार कमी. गरज नसलेलं संरक्षण घेऊन सिंक्रोचं घर्षण का गमवायचं?

उत्तरायण

मिशिगन, मिनेसोटाकडच्या थंडीत जीएलचा आकडा ही दुय्यम गोष्ट आहे. सकाळी पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये दुसरा गिअर पडत नाही ही या गाडीची प्रसिद्ध खोड, आणि तिचं मोठं कारण ऑइलचा थंडीतला घट्टपणा. ८०डब्ल्यू ऑइलची हमी उणे २६ अंशांपर्यंत, ७५डब्ल्यूची उणे ४० पर्यंत. घट्ट ऑइल रिंग आणि शंकू यांच्या मधून लवकर पिळून बाहेर जात नाही, म्हणून रिंग चावत नाही. चांगल्या जीएल-५ सिंथेटिकवर थंडीत गिअर स्वस्त खनिज जीएल-४ पेक्षा सहज पडेल.

अजून एक, इंजिन ऑइलचे आकडे आणि गिअर ऑइलचे आकडे यांची मापं वेगळी आहेत. ७५डब्ल्यू-९० हे १०० अंशांवर साधारण १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. '९० म्हणजे फार जाड' असं समजून एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) ओतणारे आहेत, त्यांनी थांबावं. ते १०० अंशांना जेमतेम ७ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) भरतं. गिअर हलका पडेल, पण बेअरिंगवरचा थर पातळ होईल.

तिसरी_घंटी

तुम्ही तिघंही ऑइलवर भांडताय. निम्म्या वेळा दोष क्लचचा असतो.

या गाडीत क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब तेलातून घेऊन क्लच सोडवणारा खालचा सिलिंडर) गळणं अगदी नेहमीचं आहे. गळला की क्लच पूर्ण सुटत नाही, आणि मग कुठलंही ऑइल घाला, गिअर वाजणारच. तपासणी सोपी आहे. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नाही, त्यामुळे करकर आली तर क्लच ओढतोय, म्हणजे पूर्ण सुटत नाही. मग गाडीखाली बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या) बाजूला स्लेव्हचा रबरी बूट उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर बदला, आणि जमलं तर वरचा मास्टर सिलिंडरही त्याच वेळी. त्याआधी महागडं ऑइल भरणं म्हणजे पैसे वाया.

फक्त दुसराच गिअर, तोही फक्त थंड असताना वाजत असेल, तर मात्र ऑइलची चर्चा योग्य.

घाटमाथा

तिसरी_घंटी यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. आणि हाच माझ्याही बाजूचा आहे: लोक गळका स्लेव्ह तसाच ठेवतात आणि आधी भरलेल्या जीएल-५ ला दोषी ठरवतात.

बाटलीवर 'जीएल-४/जीएल-५' असं दोन्ही लिहिलेलं असतं, त्याचं काय म्हणाल, पाना_पेंचिस?

पाना_पेंचिस

ते जीएल-५ समजा. दाब सोसण्याची पातळी जीएल-५ ची असल्याशिवाय तो शिक्का लावता येत नाही, आणि ती पातळी आली की रसायनांचं प्रमाणही आलं. कंपनीच्या माहितीपत्रकात 'सिंक्रोनाइज्ड मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी' असं स्वतंत्रपणे लिहिलं असेल तरच विचार करावा. 'एमटी-१' या शिक्क्यालाही फसू नका. एमटी म्हणजे मॅन्युअल ट्रान्समिशन असं वाटतं खरं, पण ते मानक बस-ट्रकच्या सिंक्रो नसलेल्या गिअरबॉक्सचं आहे.

नावं हवीच असतील तर रेड लाइन एमटी-९० (जीएल-४, ७५डब्ल्यू-९०) आणि फोर्डच्या मोटरक्राफ्टचं ७५डब्ल्यू-९० फुल सिंथेटिक मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड. मिआटावाल्यांमध्ये ही दोन्ही वर्षानुवर्षं वापरात आहेत.

नवीन_सदस्य_मी

बदलायची पद्धत कोणी नीट सांगेल का? बाटल्या किती मागवू?

तिसरी_घंटी

पाच गिअरला २.० लिटर. सहा गिअरच्या एनबीला १.७५. अमेरिकेत बाटली क्वार्टची, म्हणजे ०.९४६ लिटरची. दोन बाटल्यांत १.८९ लिटरच होतं, म्हणून तीन घ्या. उरलेलं वाया जात नाही, ते कुठे लागतं ते खाली येईल.

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून ऑइल कोमट करा. चारही चाकं सारख्या उंचीवर स्टँडवर घ्या. फक्त पुढून उचलली तर लेव्हल चुकते. आधी बाजूचा भरायचा नट सैल करा, २४ नंबरचा पाना. तो निघतोय याची खात्री झाल्याशिवाय खालचा नट उघडायचा नाही, नाहीतर रिकामा गिअरबॉक्स आणि न उघडणारा नट घेऊन बसाल. खालच्या नटाच्या मॅग्नेटवर राखाडी, लोण्यासारखा गाळ असणं ठीक. कपच्या असतील तर काळजी. आणि नीट ऐका: पितळ मॅग्नेटला चिकटत नाही. काढलेलं ऑइल स्वच्छ ताटलीत घेऊन उन्हात तिरपं धरा. सोनेरी चमचम दिसली तर ती सिंक्रोची आहे.

नवे वॉशर लावून खालचा नट बसवा. इंजिनच्या बाजूने लांब नळी खाली सोडून नरसाळ्याने भरा, किंवा हातपंप वापरा. भोकातून ऑइल परत वाहू लागलं की थांबा.

आता उरलेलं ऑइल. पाच गिअरच्या गाडीत गिअर लिव्हरच्या खाली एक वेगळी वाटी असते. तिच्यात ८० ते ९५ मिली ऑइल असतं आणि ते गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये मिसळत नाही. ही वाटी बहुतेक जुन्या गाड्यांत कोरडी किंवा काळी झालेली सापडते, कारण तिच्याकडे कोणी बघतच नाही. कन्सोल काढा, वरचा बूट काढा, १० नंबरचे तीन बोल्ट काढून लिव्हर वर उचला, सिरिंजने जुनं ओढून घ्या, नवं भरा. खालचा रबरी बूट हमखास फाटलेला असतो, तो आणि लिव्हरच्या टोकाचा नायलॉन बुश आधीच मागवून ठेवा. गिअर खडबडीत पडण्याची तक्रार पुष्कळदा एवढ्यानेच जाते. सहा गिअरला ही वेगळी वाटी नाही.

उत्तरायण

वाटीत भरण्याआधी आतली धूळ पुसून घ्या, आणि लिव्हर उचलल्यावर कुठली वॉशर कशावर होती त्याचा फोटो काढा.

घाटमाथा

मी माझं म्हणणं सोडत नाही: मॅन्युअल जीएल-५ ला परवानगी देतं, आणि ज्याच्या गाडीत ते आत्ता आहे त्याने घाबरून उद्याच उपसायची गरज नाही. पण नवीन भरताना दोन्ही एकाच किमतीला मिळत असतील तर जीएल-४ घ्यायला माझी हरकत नाही.

मात्र उलटी चूक कोणी करू नका. गिअरबॉक्सचं उरलेलं जीएल-४ डिफरन्शियलमध्ये ओतू नका. तिथे जीएल-५ च लागतं, १.६ लिटर इंजिनच्या गाडीला ०.६५ लिटर, १.८ च्या गाडीला १ लिटर. टॉर्सन (गिअरवर चालणारा एलएसडी, म्हणजे एकच चाक फुकट फिरू न देणारं डिफरन्शियल) असेल तर वेगळं फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण बदलणारं मिश्रण) लागत नाही. बाहेरून क्लचवाला एलएसडी बसवला असेल तर ते लागतं.

पाना_पेंचिस

डिफरन्शियलबद्दल पूर्ण सहमत. नवीन_सदस्य_मी, तुम्ही आधी रिव्हर्सची तपासणी करून इथे कळवा, बाटल्या त्यानंतर मागवा.