आयपॅड एअर 4 वरून एअर एम3 वर जावं का? माझं मत: नको

रेघोट्या
2020 चा एअर 4 आणि 2025 चा 11 इंची एअर एम3 शेजारी ठेवले, तर नुसता पडदा बघून कोणता कुठला ते ओळखता येणार नाही. दोन्हीकडे 2360 × 1640 पिक्सेल, 500 निट्स उजेड, 60 हर्ट्झ (सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतं). मापंही तीच, 247.6 × 178.5 × 6.1 मिमी. वाचन, व्हिडिओ, मेल, नोट्स यांना एअर 4 ची ए14 चिप पुरून उरते आणि आयपॅडओएस 26 (आयपॅडची सिस्टिम) सुद्धा तिच्यावर चालतं.

वर पेन्सिलीचा भुर्दंड आहेच. नव्या एअरमध्ये पुढचा कॅमेरा लांब कडेवर आला आणि त्या कडेची पेन्सिल चिकटवायची, चार्ज करायची सोय बदलली. एअर 4 वर चालणारी पेन्सिल 2 नव्या एअरशी जोडलीच जात नाही. चालतात दोनच, पेन्सिल प्रो आणि यूएसबी-सीवाली. यूएसबी-सीवालीला हाताचा दाब कळत नाही, मग चित्रं काढणाऱ्याने ती घेऊन करायचं काय?

खटपट्या
पडदा तोच आहे हे कबूल. पण तुम्ही रॅमबद्दल (चालू कामाची तात्पुरती मेमरी) अवाक्षरही काढलं नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे. एअर 4 ला 4 जीबी, एम3 ला 8.

हिशोबच मांडतो. 4000 × 5000 चा कॅनव्हास म्हणजे 2 कोटी पिक्सेल. एका पिक्सेलला 4 बाइट धरले तर पूर्ण भरलेला एक लेयर (चित्राचा एक थर) 80 एमबीचा. असे 25 लेयर झाले की 2 जीबी गेले. 4 जीबीतली सगळी रॅम काही एका अ‍ॅपच्या वाट्याला येत नाही, सिस्टिमलाही तिचा हिस्सा लागतो. म्हणून प्रोक्रिएट हे चित्रं काढायचं अ‍ॅप कॅनव्हासच्या मापावरून लेयरची कमाल संख्या आधीच बांधून टाकतं. अ‍ॅक्शन्स → कॅनव्हास → कॅनव्हास इन्फर्मेशन → लेयर्स इथे ती दिसते. चित्र अर्ध्यावर असताना ‘आता लेयर मर्ज करा’ ही वेळ येते ती चिप हळू आहे म्हणून नाही, रॅम नाही म्हणून.

ब्राउझरचंही तेच. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन परत आलं की पान पहिल्यापासून लोड होतं, भरत आणलेला फॉर्म कोरा.

रेघोट्या
4000 × 5000 लागतो कुणाला? ए4 छपाईला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 2480 × 3508 पुरतात. लेयर साधारण 35 एमबीचा होतो, म्हणजे निम्म्याहून कमी. आधी कॅनव्हास आवरा, मग आयपॅड बदला.

खटपट्या
पोस्टर करणाऱ्याला ए4 सांगून कसं चालेल? शिवाय बाहेरचा मॉनिटर जोडून बघा. एअर 4 नुसतं प्रतिबिंब दाखवतो, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. एम मालिकेच्या चिपवर तोच मॉनिटर स्वतंत्र पडदा म्हणून वापरता येतो.

निवांत
तुम्हा दोघांच्या वादात बॅटरी राहून गेली. ‘आयपॅड म्हातारा झाला’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची फक्त बॅटरी म्हातारी झालेली असते. एअर 4 च्या सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थचं पान नाही, पण आकडा सापडतो. प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → अ‍ॅनालिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स → अ‍ॅनालिटिक्स डेटा इथे ‘अ‍ॅनालिटिक्स’पासून नाव सुरू होणारी सगळ्यात ताजी फाइल उघडा, मजकूर कॉपी करून नोट्समध्ये टाका आणि त्यात ‘मॅक्सिमम कपॅसिटी पर्सेंट’ आणि ‘सायकल काउंट’ शोधा (इंग्रजीत, शब्द जोडून लिहिलेले असतात). शेअर अ‍ॅनालिटिक्स बंद असेल तर फाइल दिसणार नाही. ते चालू करून एक-दोन दिवस थांबा.

कपॅसिटी 80 टक्क्यांच्या खाली असेल तर अधिकृत सेवेतून बॅटरी बदलून घ्या. त्यात बहुधा अख्खा आयपॅडच बदलून मिळतो, म्हणून आधी बॅकअप घ्या आणि फाइंड माय (हरवलेला आयपॅड शोधायची सोय) बंद करा. बाहेर कुठे उघडून घेऊ नका. काच आणि एलसीडी एकजीव चिकटवलेले आहेत, उघडताना काच तडकली तर पडदाही गेला.

शंकासूर
64 जीबी स्टोरेजवाल्यांचं काय? अपडेटला जागाच उरत नाही.

निवांत
केबलने कॉम्प्युटरला जोडून तिथून अपडेट करा. फाइल कॉम्प्युटरवर उतरते, त्यामुळे आयपॅडवर कमी जागा लागते. पण दर वेळी हेच करावं लागत असेल तर मात्र खटपट्यांचं बरोबर. स्टोरेज काही वाढवता येत नाही, आणि एम3 सुरूच 128 पासून होतो.

शंकासूर
मग मधला मार्ग म्हणून वापरलेला एअर 5 घेतला तर? एम1 चिप, 8 जीबी रॅम, आणि पेन्सिल 2 पण चालेल.

खटपट्या
चालेल, पण 256 जीबी स्टोरेजचाच बघा. रॅम भरली की स्टोरेजचा काही भाग रॅमसारखा वापरायची सोय आयपॅडओएस 16 मध्ये आली, ती 64 च्या एअर 5 ला दिलेलीच नाही. आणि पैसे द्यायच्या आधी समोर रीसेट करायला लावा. ‘हॅलो’नंतर जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला तर तो आयपॅड घेऊच नका.

रेघोट्या
एअर 5 ला माझी हरकत नाही. कव्हर तेच, कीबोर्ड तोच, पेन्सिल तीच. माझा विरोध एम3 ला होता, आणि पेन्सिल 2 हाताशी असलेल्यांसाठी तो अजूनही आहे.