हातकागदावरच्या लग्नपत्रिकांसाठी मदत हवी आहे (ठाणे)

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न मार्गशीर्षात ठाण्यात आहे आणि तिच्या पत्रिका घरीच, हाताने करायचे आम्ही ठरवले आहे. सुती चिंध्यांपासून बनवलेला जाड हातकागद घ्यावा, त्यावर गेरूच्या रंगात पांढऱ्या रेषांनी वारली पद्धतीचा लग्नचौक काढावा आणि मजकूर आत छापावा, अशी कल्पना आहे. वारली घरांत हा चौक लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात आणि त्यात पालघट देवी असते. म्हणून तो केवळ नक्षी म्हणून वापरू नये, असे मला मनापासून वाटते. वारली कलाकारांशी परिचय असलेल्या कुणी याबाबत मार्गदर्शन केले, तर फार बरे होईल.

खरी अडचण छपाईची आहे. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई कागदाच्या तंतूंत पसरते, ‘चि. सौ. कां.’मधली टिंबे फुगून शेजारच्या अक्षराला चिकटतात. स्क्रीन प्रिंटिंग करून घ्यायचे झाल्यास, सुमारे १५० पत्रिकांचे छोटे काम ठाणे, कळवा किंवा वाशी भागात कोण घेते? शिवाय पांढरा पोस्टर रंग घडीवर तडकतो. घडीची रेघ आधी बोथट पट्टीने दाबून घेतली आणि रंगात थोडा डिंक मिसळला, तर हे थांबेल का?

कोपऱ्यांना हळदकुंकू ओले लावले, तर तेही असेच पसरेल का? काकूंचे मत कोरडेच लावावे असे आहे. पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवायची असल्याने दिवाळीपूर्वी काम संपवायचे आहे. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.