उन्हाळ्यात घरी फिल्मचा रोल धुवायचा (डेव्हलप करायचा) कसा? की आता डिजिटलच बरं?

प्रश्न (बीड):
फिल्म एचपी-5 प्लस (कृष्णधवल), डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) डी-76, 1+1 म्हणजे तेवढंच पाणी घालून. टाकीतलं पाणी दुपारी 34 अंश. पाणी टँकरचं आणि जड. निगेटिव्हवर पांढरे डाग पडतात, आणि अर्धा तास नळाखाली धुणं परवडत नाही. फिल्म पुढे टिकेल का, की वेरूळसाठी डिजिटल कॅमेराच घ्यावा?

उत्तर 1:
दादा, डेव्हलपरसाठी नेहमी सांगतात त्या 20 अंशांचा हट्ट सोडा, 24 वर डेव्हलप करा. 20 ला 11 मिनिटं, तर 24 ला साडेसात. 34 वर हाच हिशोब तीन मिनिटांच्या आत जातो. तेवढ्यात डेव्हलपर सगळीकडे सारखा काम करत नाही, फोटोतल्या आभाळात पट्टे उमटतात. 10 लिटरची बादली 34 वरून 24 वर आणायला साधारण किलोभर बर्फ लागतो. बर्फ बादलीत टाका, डेव्हलपरमध्ये नाही, नाहीतर तो पातळ होईल. फिक्सरची (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाची) बाटलीही त्याच बादलीत ठेवा. खरी चूक इथेच होते: डेव्हलपर गार आणि बाकी सगळं टाकीतलं. फिल्मवरचं फुगलेलं जिलेटिन एकदम गरम पाण्यात गेलं की सुरकुततं, आणि ते जाळं पुन्हा जात नाही. शेवटी रसायन धुवून काढायला माठाचं पाणी घ्या, तेही थर्मामीटर लावूनच.

उत्तर 2:
फिक्सर हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारं रसायन) नसलेला रॅपिड, म्हणजे झटपट काम करणारा, असेल तर नळ लागतच नाही. डेव्हलपिंग टँकमध्ये (फिल्म धुवायच्या बंद डब्यात) 300 मिली पाणी भरा, 5 वेळा उलटसुलट करा, ओता. पुन्हा भरून 10 वेळा, मग 20. लिटरभरात काम होतं. तुरटीच्या हार्डनरवाल्या फिक्सरला मात्र हे चालणार नाही. डाग क्षारांचे आहेत: शेवटी डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळू देणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब टाकून बुडवा. वाळताना कूलर बंद ठेवा, ओली फिल्म धूळ धरते.

उत्तर 3:
वेरूळला दोन्ही लागतात. कैलासचं उन्हातलं शिखर आणि सावलीतल्या ओवऱ्या एकाच फ्रेममध्ये हव्या असतील तर निगेटिव्ह फिल्म उजळ भाग छान सांभाळते. लाइट मीटर (प्रकाश मोजणारं यंत्र) सावलीवर धरा. लेण्याच्या आत मात्र डिजिटल सरस. मंद उजेडात लांब एक्स्पोजरला फिल्म सुस्तावते: मीटरने 10 सेकंद सांगितले तर एचपी-5 ला 20 द्यावे लागतात.
टिकण्याचं म्हणाल, तर एक्टाक्रोम ही रंगीत स्लाइड फिल्म 2018 मध्ये परत आली, 2024 मध्ये पेंटॅक्स 17 हा नवा फिल्म कॅमेरा आला. मला काळजी धुण्याची वाटते. कोडाक्रोम या दुसऱ्या रंगीत स्लाइड फिल्मचं उत्पादन 2009 मध्ये थांबलं आणि 2010 च्या अखेरीस शेवटच्या लॅबने तिचे रोल धुवायला घेणं बंद केलं. उरलेले रोल रंगीत धुवायची सोयच गेली. डी-76 ची पावडर घरी कालवता येते, म्हणून कृष्णधवलपासूनच सुरुवात करा.