बाबांचे रिपोर्ट चांगले, पण मन उडालंय - मदत हवी आहे

बाबांना (वय ६३) दोन महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट टाकलेत. परवाचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आला, डॉक्टर म्हणाले छान, आता रोज चाला. पण घरात मला दिसतायत ते बाबा वेगळेच आहेत हो. पेपरची घडी मोडलेली नसते, नात हाका मारते तर नुसतं हं करतात, आणि रात्री अडीच-तीनला उठून मनगटावर दोन बोटं ठेवून ठोके मोजत बसलेले असतात.

काल गोळ्यांची डबी भरायला घेतली तर सोमवार आणि बुधवारचे कप्पे तसेच भरलेले, रक्त पातळ ठेवायची गोळी पण त्यातच! ती चुकली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते हे त्यांना चांगलं माहितीये. विचारलं तर म्हणाले, "काय करायचंय आता." माझे तर हातपायच गळाले. जीवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का तेही सरळ विचारून घेतलं, नाही म्हणाले.

तेव्हापासून वाचत बसलेय. अटॅकनंतर साधारण पाचात एकाला डिप्रेशन येतं म्हणे, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्येच सांगितलंय की अशा पेशंटमध्ये डिप्रेशन हा धोक्याचा घटक धरा. गोळ्या आणि चालणं सुटतं हे तर आहेच, शिवाय स्ट्रेस हार्मोन वाढतात, प्लेटलेट्स (रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशी) जास्त चिकट होतात. मग डिस्चार्ज कार्डावर मीठ-तेलाचं सगळं पथ्य लिहिलंय आणि मनाबद्दल एक ओळ नाही, याचा फार राग येतोय मला.

औषधांचं म्हणाल तर सर्ट्रालीन ही डिप्रेशनची गोळी हार्ट पेशंटमध्ये तपासलेली आहे, ट्रायसायक्लिक नावाच्या डिप्रेशनच्या जुन्या गोळ्या मात्र टाळतात, आणि ॲस्पिरिनसोबत सर्ट्रालीनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देणार नाहीये.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज सांगा, कार्डिओलॉजिस्टसमोर विषय कसा काढलात? बाबा लगेच "मला काय वेड लागलंय का" म्हणून चिडतात. आधी एकटीने भेटून सांगू का? आणि कार्डियाक रिहॅबला कोणी गेलं होतं का, तिथे देखरेखीखाली व्यायाम घेतात आणि असेच बाकीचे पेशंट भेटतात, त्याने मूडमध्ये फरक पडला का? शुक्रवारी अपॉइंटमेंट आहे, त्याच्या आत कळलं तर बरं होईल.